भाचीची गो-कार्ट आणि माझा जुना फोन

मोटारींच्या शर्यतीशी माझा कधी संबंध येईल असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. मी बी.कॉम. झालेला कारकून. जमाखर्चाच्या वह्या आणि मंडळाच्या पावत्या यांतच निम्मी हयात गेली. पण माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी इंजिनिअरिंगला आहे, आणि तिच्या कॉलेजच्या मुलांनी मिळून एक गो-कार्ट तयार केली. वजनाने हलकी म्हणून चालवायला जे दोघे निवडले त्यांत एक ती, दुसरा तिच्याच वर्गातला एक मुलगा. शर्यतीला पहिला मान कोणाचा, एवढेच ठरायचे होते.

गो-कार्ट म्हणजे लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार लहान चाके आणि मागे इंजिन. हिला १२५ सी.सी. मोटारसायकलचे इंजिन होते. स्प्रिंगा नाहीत, शॉक-ॲब्सॉर्बर नाहीत. रस्त्यावरचा खडा थेट पाठीच्या मणक्याला कळतो. १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने पहिली कार्ट बनवली, तीसुद्धा गवत कापायच्या यंत्राचे इंजिन लावून. म्हणजे हे वाहन जन्मापासूनच जुगाडाचे. हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल थोडी आपुलकी वाटू लागली.

एका रविवारी रात्री ती घरी आली ती गप्पच. जेवताना हळूच म्हणाली, "मामा, मला बहुतेक मागे ठेवणार."

"का गं?"

"मी फेरीला एक-सव्वा सेकंद जास्त घेते. वळणाला घाबरते म्हणतात."

"लिहून ठेवलंय कुठे?"

तिने वही दाखवली. पेन्सिलीने फेऱ्यांच्या वेळा लिहिलेल्या, बस्स. मी म्हटले, "बाई, ही नुसती बेरीज झाली. तपशील कुठे आहे? कोणत्या वळणाला किती गेले, सरळ पट्ट्यावर किती, याची रोजकीर्द असल्याशिवाय तूट कोणाच्या नावावर टाकायची?"

असा तपशील लिहिणारी यंत्रे असतात, हे तिनेच सांगितले. त्यांना डेटा-लॉगर म्हणतात. इटलीच्या एआयएम कंपनीचे लॉगर कार्टच्या स्टिअरिंगवर बसवतात. पण मुलांची वर्गणी टायरांतच संपली होती. माझ्या कपाटात काच तडकलेला एक जुना स्मार्टफोन पडून होता, तो तिला दिला. त्यात रेसक्रोनो नावाचे ॲप घातले आणि पुढच्या रविवारी मीही डबा घेऊन ट्रॅकवर गेलो.

पहिला प्रयत्न साफ फसला. मुलांनी फोन प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी स्टिअरिंगच्या दांड्याला बांधला. आलेख आला तो गवताच्या गंजीसारखा. कार्ट एकदा तर कँटीनच्या भिंतीतून गेलेली दिसली! मग फोनमध्ये नेमके काय असते ते भाचीने मला समजावले. त्यात दोन कारकून बसलेले असतात म्हणा ना. एक जीपीएस, तो बहुतेक फोनांत सेकंदाला एकच नोंद करतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाने कार्ट सेकंदात १५ मीटर जाते. तेवढ्यात छोटेसे वळण येऊनही जाते आणि या कारकुनाला पत्ताच नसतो. दुसरा ॲक्सिलरोमीटर. तो सेकंदाला शंभरएक नोंदी करतो, पण त्याला धक्का आणि वेग यांतला फरक कळत नाही. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० हादरे होतात, आणि तेही तो इमानाने लिहितो. कधी तर सिनेमात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते तशी खोटीच लाट आलेखात उमटते. शिवाय फोन ५ अंश जरी कललेला बसला तरी गुरुत्वाकर्षणाचा सुमारे ९ टक्के हिस्सा भलत्याच खात्यात जमा होतो.

हादऱ्यांचे आणखी एक आहे. २०२१ साली ॲपल कंपनीने स्वतःच सांगितले, की मोठ्या मोटारसायकलींच्या हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिर चित्र घेण्याची यंत्रणा बिघडू शकते. म्हणून ज्यांचा फोन महागाचा, त्यांनी तो कार्टला बांधू नये. माझ्या फोनात गमावण्यासारखे काही नव्हते.

दुसऱ्यांदा फोन सीटच्या बाजूला सांगाड्यालगत, खाली पातळ रबर घालून, पाणसळ लावून सरळ बसवला. सुरू करण्याआधी दहा मिनिटे उघड्या आभाळाखाली ठेवला, म्हणजे उपग्रह नीट सापडतात. दोघांनी दहा-दहा फेऱ्या मारल्या. आधी तो, मग ही. नेहमीचा क्रमच तसा होता.

एका फेरीत सरळ पट्ट्यावर सहा-सातच नोंदी मिळतात. पण दहा फेऱ्या एकावर एक ठेवल्या की साठ-सत्तर होतात आणि रेघ भरून येते. त्यातही जीपीएसचा वेग हा जागेपेक्षा जास्त भरवशाचा. तो उपग्रहाच्या लहरींतल्या बदलावरून थेट काढलेला असतो. मी जागेचा रकाना सोडला आणि वेगाचाच रकाना बोटाने वाचत गेलो. मुलाच्या पहिल्या फेरीत पट्ट्याच्या शेवटी ६३. दहाव्या फेरीत ६०. भाचीची सुरुवात ६० पासूनच, आणि शेवटी ५६. सरळ पट्ट्यावर कोण घाबरते? तिथे तर पाय पूर्ण दाबलेलाच असतो. ही तूट चालवणाऱ्याची नव्हे, गाडीची होती, आणि ती फेरीगणिक वाढत होती.

"आता हिला आधी बसवा," मी कॅप्टनला म्हटले. तो जरा नाराज झाला, पण कार्ट गार होईपर्यंत थांबला. ती आधी गेली. पट्ट्याच्या शेवटी ६३. नंतर मुलगा गेला आणि तोही ५७ वर आला. ब्रेक तपासला तर पेडलाला मोकळी चालच उरली नव्हती. तेल तापून फुगत होते, त्याला परत जायला वाट नव्हती, आणि ब्रेक आपोआप धरून राहत होता. मागच्या आसाची डिस्क निळसर पडली होती.

पोरांनी टाळ्या पिटल्या. मला मात्र एक गोष्ट खुपत होती. हेअरपिन म्हणतात त्या यू आकाराच्या वळणाआधी तिचा वेग दोन्ही पाळ्यांत त्या मुलापेक्षा लवकर उतरत होता. ब्रेक गार असतानाही. ते मी लपवले असते तर लपले असते. आलेख वाचणारे तिथे दोघे-तिघेच होते. मी तिलाच दाखवले. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इथं मी खरंच लवकर सोडते, मामा. पहिल्या दिवशी तिथंच गाडी फिरली होती माझी."

तो मुलगा बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "मी पांढऱ्या टायरपर्यंत थांबतो. ये, दाखवतो." दोघे ऊन असतानाच वळण चालत बघून आले.

मान कोणाला द्यायचा ते त्या दिवशी ठरले नाही. ब्रेक दुरुस्त करून पुन्हा चाचणी घ्यायची आणि दरवेळी क्रम बदलायचा, एवढे मात्र कॅप्टनने वहीत लिहिले. निघताना त्या मुलाने माझ्याकडून त्याच्या फेऱ्यांचा आलेख मागून घेतला.

फोन अजून भाचीकडेच आहे. आठवड्यातून एकदा तिचा निरोप येतो, त्यात फक्त दोन आकडे असतात: एक हेअरपिनचा, एक पट्ट्याच्या शेवटचा. मी ते माझ्या वहीत उतरवून घेतो.