तबकातला काळा

नाताळात गोव्यातल्या ख्रिस्ती घरातून शेजाऱ्यांकडे कोन्सुआदचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, तबक जातं, त्यात दिसायला सगळ्यांत डावा असतो तो दोदोल. नेवऱ्या फुगलेल्या, कुलकुल नीट गुंडाळलेले, पेराडाचा तुकडा लालभडक, बिबिंक तर आपले थर मोजून घ्या म्हणून कड दाखवत बसलेलं. आणि एका कोपऱ्यात हा काळा, तेलकट चौकोन. फोटोत तो डांबराचा तुकडा दिसतो. लहान मुलं आधी त्याला चुकवतात. तो कुणाला बोलवत नाही आणि रुसतही नाही.

पण ज्या घरात एखाद्याला दूध बाधतं, त्या घराने या तबकातल्या मंडळींची एकदा चौकशी करावी. बिबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मान मोठा. पण त्याच्या पोटात अंड्यांचे बलक, मैदा आणि थराथराला तूप. बोलिन्यांत रवा आणि अंडी. नेवरीचं आवरण गव्हाचं, मोहन बहुधा तुपाचं. कुलकुलांचं घरागणिक वेगळं: कुठे लोणी, कुठे अंडं, कुठे नारळाचा रस. दोदोलला विचारलं तर तीनच नावं सांगतो. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचा काळा गूळ. फार खोदलंत तर चिमूटभर मीठ.

दुधाशिवायची म्हणून आजकाल जी मिठाई बनते, ती पुष्कळदा तोंड पाडून येते. ‘तसं लागतं बरं का, अगदी दुधासारखंच,’ असं वाढणारी म्हणते आणि खाणारा मान डोलावतो. मला या गोडधोडाची दया येते. जे नाही त्याची नक्कल करण्यात त्याचा जन्म जातो. दोदोलला दूध कधी माहीतच नव्हतं, त्यामुळे त्याला ते आठवतही नाही. नारळ दारात असलेल्या मुलखातला त्याचा जन्म. त्याचं गणगोतही तसंच. हळदीच्या पानातल्या पातोळ्या हिंदू घरांत श्रावण-भाद्रपदात होतात, ख्रिस्ती घरांत 15 ऑगस्टच्या सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला. मालवणकडे खापरोळी आणि शिरवाळे गुळाच्या गोड रसात बुडतात, तो रसही नारळाचाच. यांतल्या कुणालाही ‘दुग्धमुक्त’ म्हटलं तर ते गोंधळून बघतील.

घराण्याचा पसारा मात्र गोव्यापुरता नाही. मलेशिया आणि इंडोनेशियात दोदोल ईदसाठी शिजतो. श्रीलंकेत ‘कळू दोदोल’, म्हणजे काळाच, एप्रिलमधल्या नववर्षाच्या फराळात बसतो. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. त्या वाटेने गलबतांबरोबर हा इकडे आला असावा, असा तर्क करायला जागा आहे. मुसलमानाच्या ईदेला, बौद्धाच्या नववर्षाला आणि ख्रिस्त्याच्या नाताळाला सारख्याच अंगाने हजर राहणारे गोड पदार्थ फार नाहीत. काजू तेवढा त्याने गोव्यात पत्करला. तोही परदेशीच, ब्राझीलहून आलेला.

स्वभावाने दोदोल हेकट. नारळ खवून, वाटून, पंच्यात पिळून पहिला जाड रस वेगळा ठेवायचा. मग गरम पाणी घालून दुसरा, पातळ. बहुतेक घरांत गूळ आणि पीठ आधी पातळ रसात जातात, जाड रस मागाहून. आणि मग ढवळणं. कल्हई केलेल्या भाणात, लांब दांड्याच्या लाकडी डावाने, तासन् तास. सुरुवातीला पेजेसारखा गरीब असतो, कुणाही पोराने ढवळावा. अर्ध्या वाटेवर तो अडतो. मग घरातला एखादा दणकट मामा किंवा भाचा भाणापाशी उभा राहतो, दंड भरून आले की डाव दुसऱ्याच्या हाती देतो. मधेच कुणी गप्पांत रमलं तर तळाला लागून सगळ्यांवर सूड घेतो. बडबडा उकळतानाचा एक थेंब मनगटावर उडाला तर चिकटून बसतो; जुन्या बायकांच्या हातांवर त्याच्या सह्या असतात.

शेवटी एक वेळ येते. भाणाच्या कडा सोडून तो स्वतःचा गोळा होतो आणि अंगचं तेल बाहेर टाकतो. तूप घालावं लागतच नाही. नारळ आटता आटता स्निग्धपणा तोच पुरवतो. थाळीत थापून, गार होऊ देऊन वड्या पाडायच्या. ताजा असताना बरा लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरा. गुळाची धुरकट, किंचित कडसर चव तेव्हा पुढे येते. जिभेवर तो घाई करत नाही.

आता इतकं कौतुक केल्यावर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दोदोल स्वतः सरळ आहे, पण संगतीने बिघडतो. घाईच्या घरात नारळाऐवजी नारळाच्या दुधाची भुकटी येते, आणि अशा कित्येक भुकट्यांत सोडियम कॅसिनेट असतं. कॅसिनेट म्हणजे दुधातलंच प्रथिन. नारळाच्या पाकिटातून गाय स्वयंपाकघरात शिरते. पिठाची गिरणीही तशीच: तांदळाच्या आधी त्याच जात्यावर गहू दळला असेल, तर गहू न सोसणाऱ्याला त्या पिठाचा उपयोग नाही. थाळीला प्रेमाने तुपाचं बोट लावणारी एखादी आजी असतेच. ज्याला दुधातली साखर पचत नाही, त्याला तेवढं तूप बहुधा काही करत नाही. ज्याच्या शरीराला दुधाच्या प्रथिनांचीच ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत हा भरवसा धरता येत नाही. दोघंही ‘दूध चालत नाही’ एवढंच म्हणतात. पहिल्याचं पोट फुगेल, दुसऱ्याचे ओठ सुजतील, कधी श्वासही अडेल.

दुकानातल्या पाकिटाला कायद्याचा धाक आहे. भारतात 2020 च्या लेबलिंगच्या नियमांनी दूध, अंडं, ग्लूटेनचं धान्य, शेंगदाणे, सुकामेवा, सोया, मासे, कोळंबी-कुर्ल्यांसारखे कवचवाले आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट यांची नोंद सक्तीची केली. शेजारणीच्या तबकावर मात्र क्रोशाचा रुमाल असतो, लेबल नसतं. म्हणून विचारावं लागतं, आणि सणाच्या दिवशी विचारणं आपल्याकडे उद्धटपणात जमा होतं. मला ते उलट वाटतं. तासन् तास डाव मारलेल्या बाईला ‘यात काय काय आहे?’ असं विचारण्याइतकं तिला आवडणारं दुसरं काही नसेल. ‘दूद ना गो बाय, नाल्लाचो रोस,’ म्हणून ती सुरू होते, ते गूळ माडी काढणाऱ्या कुठल्या रेंदेराकडून आणला इथवर जाऊन थांबते.

खुद्द नारळाबद्दलही मतभेद होते. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन त्याला बदाम-अक्रोडांच्या पंगतीत बसवत असे. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी त्याला यादीतून उठवलं. नारळाची ॲलर्जी क्वचित असते, पण असते. त्या माणसासमोर दोदोलने गुमान झाकण ओढून घ्यावं. काजूची ॲलर्जी त्याहून जास्त भेटते, आणि तिथे उपाय अगदी सोपा आहे, मग घर कुठेही असो. इंग्लंडमधल्या स्विंडनला गोंयकारांची मोठी वस्ती आहे. तिथे रस डब्यातला, डब्यावर ॲलर्जीचे घटक ठळक अक्षरांत, आणि भाणाच्या जागी जाड बुडाचं पातेलं. पण तिथे काय किंवा मडगावात काय, काजू शेवटी पडतात. त्याआधी गोळ्यातला एक वाटा कोऱ्या थाळीत काढायचा, वेगळ्या सुरीने कापायचा, वेगळ्या डब्यात भरायचा आणि डब्यावर त्या पोराचं नाव लिहायचं. त्या वड्या इतरांपेक्षा जास्त काळ्या दिसतात, आणि घरातले बाकीचेही त्याच डब्यावर हात मारायला बघतात.