लाकडी बैल

आमच्या घरातला लाकडी बैल आजोबांच्या वेळचा. सागवानी, चार चाकांच्या पाटावर उभा. एक कान तुटल्यावर सुताराकडून नवा बसवून घेतलेला, म्हणून दोन कानांचा रंग आजही जुळत नाही. आजोबांकडून तो बाबांकडे आला, बाबांकडून माझ्याकडे. ताई माझ्याहून मोठी, पण तो तिच्यापाशी थांबला नाही. घरात त्यावर कधी बोलणं झालं असेल असंही वाटत नाही. बैल पोट्ट्यांचा, भुलाबाई पोट्टींची, हे ठरलेलंच होतं.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात तान्हा पोळा भरतो. शेतकऱ्याचे बैल आदल्या दिवशी मिरवतात, लेकरांचे लाकडी बैल या दिवशी. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी ही चाल पाडली असं सांगतात. महालातल्या भोसल्यांच्या वाड्यात भला थोरला लाकडी नंदी आहे. आमचा त्यापुढे वासरूच.

सजवायचं काम मात्र ताईचं. आईच्या जुन्या साडीच्या काठाची झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरांची माळ, कपाळावर बाशिंग. तिची बोटं चालायची आणि मी दोरी धरून घाई करायचो. संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे तोरण लागायचं, पोरं बैल घेऊन ओळीनं उभी राहायची, पूजा व्हायची, तोरण तुटायचं. मग घरोघर. दारात बैल उभा केला की घरची बाई पाणी घेऊन बाहेर यायची, बैलाचे पाय धुवायची, कुंकू लावायची आणि माझ्या हातावर बोजारा ठेवायची. कुठे चार आणे, कुठे आठ आणे, वकिलांकडे अख्खा रुपया. रात्री नाणी फरशीवर ओतून मोजायची. आजी कौतुकानं म्हणायची, ‘कमावता झाला न माहा पोट्टा!’ झूल शिवणारीला त्यातलं काही द्यावं, हे कुणाच्या मनात येत नसे, तिच्याही नाही.

पंधरवड्यानं भुलाबाई यायची. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, महिनाभर. ज्वारीच्या धांड्यांचा मखर, त्यात मातीचे भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. पोरीही घरोघर जायच्या, पण दारात थांबायच्या नाहीत, आत जाऊन बसायच्या. टिपऱ्या वाजवत गाणी, आणि शेवटी खिरापत. तीही सहज मिळत नसे. झाकलेला डबा कानाशी हलवून आत काय ते ओळखायचं. खडखडला तर फुटाणे, सरसरला तर मुरमुरे, वाजलाच नाही तर शिरा नाहीतर केळं. हुशार आया शेंगदाण्यांभोवती फडकं गुंडाळून पोरींना चकवायच्या.

मी या घोळक्यात असायचो. डब्याचा आवाज ओळखण्यात माझा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं आणि गाणी तर सगळी पाठ. त्यांतली सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. मग वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी होऊ दे, मग जा. दुसऱ्या गाण्यात तिला एकाकडून दुसऱ्याकडे पिटाळतात आणि शेवटी गाठ नवऱ्याशी पडते. कुठे तो वेणीफणी करून तिला पाठवतो म्हणून गातात, तर कुठे काठी काढतो. काठीवालं आम्ही जोरात म्हणायचो, कारण चाल झकास होती.

एक दिवस शेजारच्या काकांनी खिडकीतून हाक मारली, ‘काहून बे, पोट्टे नाही भेटत का तुले? पोट्टींत काय बसला?’ पोरी खिदळल्या. मी उठलो तो उठलोच. तेव्हा मी चौथीत असेन. गाण्याचा अर्थ कळायच्या वयाला आलो आणि गाण्यातून बाहेर पडलो. पोरी मात्र तिथेच बसून पुढे काय वाढून ठेवलंय ते हसतखेळत शिकत राहिल्या. त्या गाण्यातला काठीवाला ज्यांच्यातून व्हायचा, ते सगळे तेव्हा मैदानात विटीदांडू खेळत होते. आमच्या पिढीतल्या कितीतरी नवऱ्यांना बायकोचं माहेर म्हणजे काय हे लग्नानंतर भांडणातून कळलं, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

ओघात आलं म्हणून सांगतो. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे बाईचा पुतळा, निघते. काळी आणि पिवळी, दोन्ही १८८० च्या दशकापासूनच्या. रोगराई, इडा-पीडा घेऊन जा म्हणत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची राणी बाकाबाई, असं लोक सांगतात. पुरुषांचे पुतळे, म्हणजे बडगे, दरवर्षी बदलतात. कधी महागाईचा, कधी पुढाऱ्याचा. बाई तीच राहते. सकाळी रस्त्यावर हे बघायचं आणि संध्याकाळी बैल घेऊन बोजाऱ्याला निघायचं, असा आमचा दिवस असे.

पुढे बैल माळ्यावर गेला, पण आजीचं ‘कमावता’ माझ्या मागे लागलं. ताईला मराठी साहित्य घेऊन बी. ए. करू दिलं, कारण तिच्या पगारावर कुणाची चूल पेटायची नव्हती. मला आवड कुणी विचारली नाही. गणित बरं होतं, इंजिनिअर झालो. तिला हवं ते शिकता आलं, पण त्यावर नोकरी करू द्यायला सासरी कुणी तयार नव्हतं. मला नोकरी मिळाली आणि तीच करावी लागली. दोघांपैकी कुणाचं जास्त गेलं यावर आम्ही अजून वाद घालतो. ती म्हणते तिचं, आणि मला ते मान्य आहे.

माझी मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा बैल खाली काढला. माझ्या आईनंच नवी झूल शिवली, कुणी ब्र काढला नाही. आता नागपुरात तान्ह्या पोळ्याला मुली सर्रास दिसतात. पण आमच्या वस्तीतल्या स्पर्धेत एक गंमत पाहिली. पोरगा आला की परीक्षक वाकून बैल बघत, झूल बघत. पोरगी आली की तिची नऊवारी, नथ, आंबाडा. बैल बिचारा दोरीला तसाच.

आमच्याच नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख. अठरा वर्षांची असताना, जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधली स्पर्धा खेळून आल्यावर तिनं जाहीरपणे सांगितलं की प्रेक्षक तिचा खेळ सोडून कपडे, केस आणि उच्चार यांवरच बोलतात. जुलै २०२५ मध्ये तिनं बाटुमीत महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. बातमी वाचताना मला वस्तीतले ते परीक्षक आठवले.

पोरींना पोरांच्या खेळात यायला वाट झाली, उशिरा का होईना. उलटी वाट अजून बंद आहे. मुलगी बैल घेऊन निघाली तर कौतुक, मुलगा भुलाबाईत बसला तर हसू. जीन्स घातलेली मुलगी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, पोळ्या लाटणारा मुलगा पाहुण्यांपासून लपवला जातो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच, बाकीचे हिशेबातच नाहीत. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात आई-वडील मिळून भाजी निवडताना दाखवले, तर त्याची बातमी झाली. बातमी व्हावी इतकं ते नवलाचं होतं.

तेव्हा विदर्भातल्या आयाबायांना एक विनंती. यंदा भुलाबाई मांडाल तेव्हा घरातल्या पोरांनाही बसवा. डबा त्यांच्या कानाशी हलवा, गाणी सगळी म्हणून घ्या, काठीचंही. आणि खिडकीतून कुणी काका ओरडले, तर त्यांनाही आत बोलवा.