पडद्यांविना सूर : जयपूरची एक वेगळी खरेदी

जयपूरला गेलेली मराठी मंडळी परतताना रजई, लाखेच्या बांगड्या आणि एखादा मोजड्यांचा जोड हमखास आणतात. अलीकडे या यादीत वाद्याचीही भर पडू लागली आहे. आमेरच्या किल्ल्याच्या वाटेवर रावणहत्था वाजवणारा भेटतो, त्याच्या गजाला बांधलेल्या घुंगरांचा नाद कानात बसतो आणि घरातला दहावीतला मुलगा म्हणतो, "बाबा, मला हे शिकायचंय." पुढे बाजारात एखादी जुनी, काळपटलेली सारंगी दिसते. दुकानदार सांगतो, सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, आजोबांच्या वेळची. मग हौस आणि पैसा यांची ओढाताण सुरू होते.

वाद्य विकत घेण्याला जयपूर हे गाव अयोग्य मुळीच नाही. इथल्या संस्थानाच्या छत्तीस कारखान्यांत गुणीजनखाना हा कलावंतांचा स्वतंत्र विभाग होता. आपल्याकडे कोल्हापुरात रुजलेल्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या नावात हे शहर आहे. त्या घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ (1855-1946) मूळचे राजस्थानातल्या उनियाऱ्याचे. आणि आजचे उदाहरण हवे तर पं. विश्वमोहन भट्ट जयपूरचेच. त्यांनी गिटारमध्ये फेरफार करून मोहनवीणा घडवली. तिच्या वीस तारांपैकी बारा तरफेच्या. राय कूडर यांच्यासह केलेल्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांना 1994 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मोहनवीणेत बोटाने तार पडद्यावर दाबायची नसते, पोलादी दांडी तारेवरून सरकवायची असते. म्हणजे पडद्याचा आधार तिथेही नाही.

नवशिक्याची खरी अडचण इथेच आहे. सतारीचा पडदा योग्य जागी बांधलेला असला, तर बोट जरा पुढेमागे झाले तरी सूर फारसा ढळत नाही. सारंगीला आणि रावणहत्थ्याला पडदेच नाहीत. पाश्चात्य वाद्यवृंदात पडदे काढलेले बास गिटार असते, त्याच्या दांडीवर नवख्यासाठी कधी कधी रेघा तरी आखलेल्या असतात. सारंगीवर तेवढीही खूण नाही. शिवाय तीत बोटाचे पेर लाकडावर दाबायचे नसते, नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेने तातीला बाजूने स्पर्श करायचा असतो. सुरुवातीचे काही महिने तिथली कातडी दुखते, हे कोणताही सारंगिया सांगेल.

पण पडदे नाहीत म्हणून वाद्य नवशिक्याला वाऱ्यावर सोडत नाही. सारंगीला मुख्य ताती तीनच असतात, मात्र खाली तीस-पस्तीस तरफेच्या तारा असतात. वरचा सूर अचूक लागला, की खालची त्याच सुराची तार आपोआप झणकारते. सूर चुकला तर ती गप्प राहते. न दिसणारे पडदे म्हणायचे ते हेच! म्हणूनच वाद्य घेताना पाहायचे ते नक्षीकाम नव्हे, तरफा बोलतात की नाही ते. दुकानातल्या जाणत्या माणसाला आधी तरफा मिळवायला सांगावे, मग त्याने एक सूर ओढून गज उचलावा. मागे गुंजन रेंगाळले, तर वाद्य जिवंत आहे. पर्यटकांसाठी बनवलेल्या रावणहत्थ्यात या तारा अनेकदा नुसत्या शोभेला असतात, खुंट्या फिरवल्या तरी सूर टिकत नाही. अशी वस्तू दिवाणखान्यात टांगावी, मुलाच्या हातात शिकण्यासाठी देऊ नये.

जुन्या वाद्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे, पण नवशिक्याला जुनेपणाचा उपयोग थोडा आणि त्रास जास्त. सारंगी लाकडाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली असते, त्यामुळे तिला चीर गेली तर दुरुस्ती कठीण. भुंग्याने पाडलेली बारीक छिद्रे, वाकलेल्या खुंट्या, खाली बसलेली घोडी हे सारे उजेडात पाहावे. वरचे चामडे नवे घातलेले असले तर त्यात वाईट काही नाही, उलट चांगलेच. रंग मुद्दाम काळवंडवलेले वाद्य ओळखायचे असेल, तर ज्या जागी हात सतत लागतो तिथली झीज पाहावी. सगळे वाद्य सारखेच काळे आणि हाताची जागाही तेवढीच काळी असेल, तर सावध व्हावे.

कायद्याच्या दोन गोष्टीही ठाऊक हव्यात. जुन्या सारंगीची घोडी किंवा नक्षी हस्तिदंताची असू शकते. हस्तिदंताच्या व्यापाराला भारतात बंदी आहे. परदेशातून आणलेल्या हस्तिदंतालाही 1991च्या दुरुस्तीने ती लागू झाली. आणि शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी नेता येत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या भाच्यासाठी 'सव्वाशे वर्षांची' सारंगी घेणाऱ्याला दुकानदाराचे बोलणे खरे निघाले तरच अधिक पंचाईत!

खरे तर आधी गुरू शोधावा, वाद्य मागाहून. सारंगी शिकवणारे आपल्याकडे मोजकेच उरले आहेत. गायनाच्या साथीला हार्मोनियम आली आणि सारंगी मागे पडली. उदयपूरजवळ जन्मलेल्या आणि मुंबईत कारकीर्द घडवलेल्या पं. रामनारायण (1927-2024) यांनी तिला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला, तरी गावोगावी सारंगिया मिळत नाही. मिरजेच्या नामांकित कारागिरांचे काम मुख्यतः सतार-तंबोऱ्याचे आहे, त्यामुळे दुरुस्ती कुठे करायची हेही आधी ठरवलेले बरे. एवढे सारे जुळल्यावर मुलाचा हट्ट टिकून असेल, तर जयपूरच्या फेरीत साधी, निकोप, नव्या बांधणीची सारंगी घ्यावी.

परतीच्या प्रवासात ताती थोड्या सैल कराव्यात, पण पूर्ण सोडू नयेत, नाहीतर घोडी निसटते. राजस्थानच्या कोरड्या हवेतून मुंबई-कोकणच्या दमटपणात आलेले चामडे सैल पडते आणि लाकडी खुंट्या फुगून अडकतात. पहिल्या पावसाळ्यात वाद्य कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावे, आणि खुंटी अडली तर जोर लावू नये.