सुनेच्या ताटावर माझी नजर

बाळ लहान जन्मलं की दोष आईचा, असंच मी मानत आले. नीट खाल्लं नसेल, उपास केले असतील. असोद्यात कुणा बाळंतिणीला भेटायला गेले की बाळ हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचा आणि मग आईकडे बघायचं, ही माझी सवय. त्या बघण्यात काय असतं, ते त्या पोरींना कळत होतं.

सुनेचं पोट सातव्या महिन्यानंतर वाढेना, तशी मी तिच्या ताटावर बसले. भाकरी अर्धी राहिली की बोलायचे. ती रडत जेवायची. खाऊ घालण्याच्या नावाखाली मी तिच्यावर पाळत ठेवत होते.

मग जळगावला डॉपलर सोनोग्राफी झाली. मी आत होते. पडद्यावर नाळेतल्या रक्ताच्या लाटा दिसत होत्या. दोन ठोक्यांच्या मधे प्रवाह फार कमी पडत होता. "वार नीट काम करत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "ही जेवते, ते बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही." तरी मी विचारलंच, "आधी कमी खाल्लं म्हणून का?" त्यांनी नाही म्हटलं. सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात. हिचं ते काम अपुरं राहिलं असावं, आणि वाढलेला रक्तदाबही त्यातलाच. केळीचं झाड खुरटलं तर आम्ही आधी ठिबकची नळी चोक झाली का ते बघतो, झाडाला बोल लावत नाही. जन्म शेतात गेलेल्या मला हे सुनेच्या बाबतीत सुचू नये? ती टेबलावर पडून माझ्याकडेच बघत होती. तिच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

नातू झाला, दोन किलोच्याही आतला. आता मला त्याला गुटगुटीत करायची घाई. तीही डॉक्टरांनी थांबवली. पोटात टंचाई असली की बाळ रक्त आधी मेंदूकडे वळवतं. मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी येतं. अशा मुलाचं वजन पुढे भराभर चढलं, तर मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोका वाढतो.

जन्माच्या वजनाचं आणि पुढच्या आजारांचं हे नातं इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८०च्या दशकात मांडलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ते आपल्या खेड्यांत तपासलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या बाळांहून बरीच हलकी. अंगात मांस कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली. त्यांच्या आया दिवस जाण्याआधीपासूनच किडकिडीत होत्या. म्हणजे प्रत्येक वेळी वारच बिघडलेली असते असं नाही, पण नऊ महिन्यांत एका बाईला धाक दाखवून भरून निघेल असंही ते नाही. हे वाचताना आमचे हे आठवले. आयुष्यभर हडकुळे, तरी चाळिशीत साखर. "जिभेवर ताबा नाही," असं मीच त्यांना सुनवायचे. जन्मले तेव्हा ते किती वजनाचे होते, कुणी तोललंच नव्हतं.

सुनेला आता पुन्हा दिवस गेलेत. आधीच्या खेपेचं बघून डॉक्टरांनी सोळा आठवड्यांच्या आतच अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली आहे. तपासणीला मी सोबत जाते. आत येऊ का, हे आधी तिला विचारते.