झावळ्यांची राख

राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी मिस्सा संपताना सूचना झाली, की घरातल्या गेल्या वर्षीच्या झावळ्या चर्चमध्ये आणून द्याव्यात. सूचना दर वर्षीचीच, पण या वेळी ती मनात घोळत राहिली. घरी येऊन क्रूसामागे खोचलेली झावळी काढली. वाळून तांबूस झालेली, हात लावताच टोकं मोडणारी. झावळ्यांच्या रविवारी जी हातात धरून येशूचा जयजयकार केला, तीच आता जाळायची आणि तिचीच राख कपाळाला लावून घ्यायची.

वसईत त्या दिवशी राखेसाठी रांग लागते. केळीच्या वाडीचा मालक, मासळी विकणारी बाई, लोकल पकडायच्या घाईत ऑफिसच्या कपड्यांत आलेली पोरं. फादरांचा अंगठा टेकतो तेव्हा थोडी राख नाकावर सांडते. मला ही रांग फार आवडते. पापनिवेदनाला गुडघे टेकताना माणूस एकटा असतो. इथे पुढच्याने काय केलंय ते मागच्याला ठाऊक नसतं, पण काहीतरी केलंय हे दोघंही उघड कबूल करून उभे असतात.

पंडिता रमाबाई अशा कुठल्याच रांगेत चटकन उभ्या राहिल्या नसत्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी मनोरमा या छोट्या लेकीसह बाप्तिस्मा घेतला खरा, पण तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का? संस्कृत काय कमी पवित्र आहे? बुद्धीला पटलं नाही ते मी का म्हणू? ही पत्रं वाचताना मला दर वेळी अभिमान वाटतो. आईबाप आणि थोरली बहीण दुष्काळात गमावलेली, भावाबरोबर पायी देश तुडवलेली, नवऱ्याच्या मरणानंतर लेकीला घेऊन समुद्र ओलांडलेली ही बाई. तिला आज्ञाधारकपणा शिकवायला निघालेल्यांचं मला नवल वाटतं.

आणि याच बाईंनी पुढे लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा सापडलाय, ख्रिस्त अजून भेटलेलाच नाही. मग त्या शरण गेल्या. पुरत्या गेल्या. बिशपांपुढे ताठ राहिलेली मान प्रभूपुढे लवली, आणि त्यानंतरही माणसांपुढे ताठच राहिली. शरणागती म्हणजे दबून जाणं, असं समजणाऱ्यांनी रमाबाई वाचलेल्या नाहीत.

रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती सदनात 1905 च्या जूनअखेर मुली रडू लागल्या. रोज जमून प्रार्थना करण्याचा परिपाठ आधीपासून होता. आता एकीचं पाहून दुसरी गुडघ्यावर येऊ लागली, मोठमोठ्याने आपली पापं सांगू लागली. गर्दीतल्या अश्रूंवर माझा एरवी फारसा विश्वास नाही. पण या मुलींपुढे मला गप्प व्हावं लागतं. त्यांत मध्य प्रांतातल्या, गुजरातेतल्या दुष्काळातून आणलेल्या पोरी होत्या, घराबाहेर काढलेल्या बालविधवा होत्या. अशांची पापं ती केवढी असणार! ज्यांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं, ते मात्र कुठल्याही गावात रडले नाहीत. तरी या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून क्षमा मागत होत्या. ज्यांना घरच नव्हतं त्यांना रडायला हक्काची जागा मिळाली, सोबत रडणारं माणूस मिळालं. माझ्या लेखी रमाबाईंचं सगळ्यात मोठं काम हेच. त्यांच्या विद्वत्तेहूनही मोठं.

त्यांनी केलेलं बायबलचं भाषांतर बायकांनीच खिळे जुळवून तिथल्या छापखान्यात छापलं. ते साधं आहे, खेड्यातल्या बाईला समजावं असं. पण कानाला मला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकच गोड लागतात. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात बंधुत्वाचं स्थान होतं. 1919 च्या मे महिन्यात ते गेले. दरबाराला त्यांची जेमतेम दोन वर्षं मिळाली. आणखी दहा मिळाली असती तर मराठी मुलखातली चर्चं आज कशी दिसली असती, याचा मी पुष्कळदा विचार करतो.