आपलाच चेहरा, बावीस डॉलर!

बोटीवर पाय ठेवायच्या आधीच आमचा पहिला फोटो निघाला होता.

सिंगापूरचं मरिना बे क्रूझ सेंटर. इमिग्रेशनची रांग, हातात पासपोर्ट, आईच्या पर्समध्ये इमर्जन्सीचा चिवडा. आणि वळणावर अचानक एक निळा पडदा. पडद्यावर बोटीचं चित्र, शेजारी एक गोल लाइफबॉय आणि कॅमेरा घेतलेली एक हसरी मुलगी. ‘वेलकम अबोर्ड! लुक हिअर!’ खटॅक्! झालं. तुम्हाला फोटो काढून घ्यायचाय का, हे कुणी विचारलंच नाही. बाबांना वाटलं, हा सिक्युरिटीचा फोटो. त्यांनी पासपोर्टला करतात तस्साच चेहरा केला.

चार रात्रींची क्रूझ. सिंगापूर, पिनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. आई-बाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मी हट्टानं घडवून आणलेली. (मुंबईहूनही देशी क्रूझ सुटतात, पण बाबांना ‘फॉरेन’च हवं होतं.) समुद्र, सूर्यास्त, बुफे, हे सगळं झक्कास होतंच. पण परत येऊन वर्ष होत आलं तरी आमच्या घरात चर्चा होते ती फोटोंची.

चार दिवसांत आम्हा तिघांचे तेवीस फोटो काढले गेले. जेवताना एक, चाचा बनून आलेल्या माणसानं बाबांच्या गळ्याला प्लास्टिकची तलवार लावताना एक, धक्क्यावर उतरताना एक. बाकीचे जिन्यात, डेकवर, मिळेल तिथे. आणि हे सगळे पाचव्या डेकवरच्या फोटो गॅलरीत भिंतभर लावलेले. जेवायला जायचा रस्ता नेमका त्याच गॅलरीतून! म्हणजे सकाळ-संध्याकाळ तुम्ही स्वतःलाच भेटत राहता. इथे घास तोंडात, तिथे डोळे मिटलेले.

फंडा एकदम सिंपल. फोटो काढणं फुकट, आवडला तर विकत घ्या. एक फोटो बावीस डॉलर, म्हणजे अठराशे रुपयांच्या वर. क्रूझ कंपन्यांचं गणितच असं असतं, की तिकीट शक्य तेवढं स्वस्त दाखवायचं आणि कमाई करायची बोटीवर. बार, कसिनो, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली आणि हे फोटो. बाबा गॅलरीत उभे राहून म्हणाले, ‘‘आपलेच चेहरे आपल्यालाच विकतायत! वर मोजायचे डॉलरमध्ये!’’

आधी त्यांचं मला शंभर टक्के पटलं होतं.

पिनांगला आम्ही जॉर्जटाउनच्या जुन्या गल्ल्यांत हिंडलो. आर्मेनियन स्ट्रीटवर ते प्रसिद्ध भित्तिचित्र आहे, सायकलवरची दोन मुलं. अर्नेस्ट झाखारेविच या लिथुआनियन चित्रकारानं २०१२ मध्ये काढलेलं. मुलं रंगवलेली आणि सायकल मात्र खरीखुरी, भिंतीला टेकवून ठेवलेली. समोर पोज द्यायला रांग. शेजारच्या दुकानांत तेच चित्र मॅग्नेटवर, टी-शर्टवर, पिशव्यांवर. आईनं दोन मॅग्नेट घेतले. त्यातलं काही चित्रकाराला मिळत असेल का, हा प्रश्न तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. माझ्याही.

त्या रात्री बोटीवर ‘फॉर्मल नाइट’ होती. आई कांजीवरममध्ये, बाबा ब्लेझरमध्ये. जिन्याजवळ पडदे लावून पोर्ट्रेट काढायची सोय. आता माझी आई फोटोत हसत नाही. समोरचे दोन दात थोडे पुढे आहेत, कॉलेजात कुणीतरी काहीतरी बोललं होतं म्हणे, तेव्हापासून ओठ घट्ट मिटून फोटो. लग्नाच्या अल्बममध्येही तशीच. मोबाइलवर पकडायला गेलं तर तोंडावर पदर. इथेही ती तशीच उभी राहिली आणि बाबांना हळूच म्हणाली, ‘‘अहो, पोट आत घ्या.’’

कॅमेऱ्यामागून आवाज आला, ‘‘काका, पोट ऱ्हवां दे! तुम्ही फक्त काकूंकडे बघा.’’

आई फुटली. मान मागे टाकून, दात दाखवून, खदाखदा हसली. खटॅक्!

तो मुलगा मालवणचा होता. मागे रांग वाढत होती, म्हणून तेव्हा बोलणं तेवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो गॅलरीत लागला. आई पहिल्यांदा पाहून काहीच बोलली नाही. मग कॉफीला म्हणून गेली आणि गॅलरीमार्गे आली. जेवायला दहा मिनिटं आधी निघाली. तिसऱ्यांदा मी तिला तिथे पाहिलं तेव्हा ती फोटोसमोर नुसती उभी होती. मी म्हटलं, घेऊ या का? तर म्हणाली, ‘‘काही नको, एवढ्यात महिन्याची भाजी येते.’’

मग मी तेच केलं, जे तुम्हीही केलं असतं. फुकेतहून बोट निघाली तशी, सगळे डेकवर असताना, मी गॅलरीत गेले, मोबाइल काढला आणि फोटोचा फोटो घ्यायला लागले. शेजारी पाटी होती, ‘प्लीज डोंट फोटोग्राफ द फोटोग्राफ्स.’ वाचली नाही असं म्हणणार नाही.

‘‘ताई, ग्लॉसी पेपर आसा. लाइट मारता. जरा तिरको धरा.’’

मागे तोच उभा! माझा असा पोपट आयुष्यात झाला नव्हता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हसत होता. मी काहीतरी पुटपुटले, आईला दाखवायला वगैरे. तो म्हणाला, ‘‘सगळेच काढतात हो. परवाच्या ट्रिपला एकानं सगळी भिंत व्हिडिओत घेतली.’’

बोटीवर गर्दी नव्हती, तो न विकले गेलेले फोटो उतरवत होता आणि बोलत होता. सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. मुंबईतल्या एजन्सीमार्फत आला. त्याआधी एसटीसीडब्ल्यूचा सेफ्टी कोर्स, कारण बोटीवर फोटोग्राफर असलात तरी आग विझवणं आणि समुद्रात जीव वाचवणं आधी यावं लागतं. सकाळी धक्क्यावर, संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये, रात्री पोर्ट्रेट, त्यानंतर प्रिंटिंग आणि भिंत लावणं. पगार थोडा, वर विक्रीवर कमिशन. फोटो विकला गेला नाही तर कमिशन शून्य. ‘‘आणि हे?’’ मी त्याच्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघून विचारलं. ‘‘श्रेडर,’’ तो म्हणाला. आमच्या बाबांचा पासपोर्ट-चेहरा वरच होता.

या धंद्याला कचऱ्याचाही जुना इतिहास आहे. फिल्मच्या जमान्यात बोटीवरच छोटी लॅब असायची. रात्रीत रोल धुवायचे आणि सकाळी भिंत तयार. ती केमिकल्स कुठे जायची? १९९९ मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीनं अमेरिकेत गुन्हा कबूल करून एक कोटी ऐंशी लाख डॉलर दंड भरला, समुद्रात तेलकट पाणी आणि घातक रसायनं सोडल्याबद्दल. त्या रसायनांत बोटीवरच्या फोटो लॅबमधलीही होती. आता बऱ्याच बोटींवर भिंती जाऊन स्क्रीन आले आहेत. केबिनचं कार्ड लावा किंवा चेहरा दाखवा, मशिन तुमचे फोटो शोधून देतं. आमची बोट जुनी, म्हणून कागद.

केबिनमध्ये परत आले, पण डोक्यात कीडा वळवळत होता. कारण सांगते. दोनेक वर्षांपूर्वी माझा एक लेख, ज्यासाठी मी कर्जतच्या पलीकडे तीन फेऱ्या मारल्या होत्या, एका वेबसाइटनं जसाच्या तसा उचलला. नाव नाही, पैसे तर सोडाच. मी त्यांना असली मेल लिहिली होती, की मैत्रिणी अजून त्यातली वाक्यं मला म्हणून दाखवतात. त्यांचं उत्तर काय होतं? ‘नेटवर होतं, म्हणून घेतलं.’ माझं तरी काय वेगळं होतं? भिंतीवर होता, म्हणून घेतला.

घरी आल्यावर कायदा वाचून काढला (मास कॉमला ‘मीडिया लॉ’चा पेपर होता, पण तो आम्ही गाइडवर काढला). गंमत अशी, की बाबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, तुम्ही पैसे देऊन कुणाला फोटो काढायला सांगितलंत आणि वेगळा करार केला नाहीत, तर फोटोचे पहिले मालक तुम्ही. लग्नाच्या फोटोंचं म्हणूनच आपल्याला काही वाटत नाही. काका, मामा, व्याही, सगळ्यांना कॉप्या! पण बोटीवर आपण कुठे सांगितलं होतं? कंपनीनं स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या रिस्कवर काढला. आणि नोकरानं नोकरीत केलेलं काम सहसा मालकाचं. शिवाय बोटीवर बहामा, पनामा, माल्टा असा कुठला तरी झेंडा असतो, तेव्हा कायदाही आधी तिथला. पण बर्न करारामुळे एका देशातला कॉपीराइट दुसऱ्या सदस्य देशातही मानला जातो, त्यामुळे मुंबईत उतरलात की सुटलात असं नाही.

आपण फोटोत आहोत म्हणून फोटो आपला, हे तर सुपरमॉडेललाही लागू नाही. जिजी हदीदनं स्वतःचाच फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, तर २०१९ मध्ये फोटो एजन्सीनं तिच्यावर केस ठोकली. ती फेटाळली गेली, पण एजन्सीची कॉपीराइट नोंदणी झाली नव्हती म्हणून. फोटोतली बाई तीच होती म्हणून नव्हे!

म्हणजे बघा, फोटोत आई. तिला हसवलं त्या मालवणच्या मुलानं. आणि मालक तिसराच. त्या पोराचं नाव फोटोच्या मागेपुढे कुठेही नाही. हे वाचताना मला माझी कॉन्ट्रॅक्ट्स आठवली, ज्यांच्यावर मी ‘ऑल राइट्स’ न वाचता सही ठोकते. कंपनीला बावीस डॉलरनं काय फरक पडणार, असं म्हणता येतं. मीही म्हणत होते. पण त्या बावीस डॉलरमधला एक तुकडा त्याचा होता, आणि मी तो तिरक्या मोबाइलनं उडवला होता.

शेवटच्या रात्री गॅलरीत ही गर्दी! दादर स्टेशन परवडलं. ‘उद्या फोटो मिळणार नाहीत’ अशी अनाउन्समेंट झाली, की माणसं कशी विरघळतात ते बघण्यासारखं असतं. काउंटरवरचा सगळा जोर पॅकेजवर. सगळे फोटो घ्या, तीनशे डॉलरला. त्याला बळी पडू नका. तेवीसपैकी बावीस आमच्या काही कामाचे नव्हते. विचारायचं ते एवढंच, की छापील फोटो घ्यायचा की डिजिटल फाइल. आमच्या बोटीवर किंमत सारखीच होती, पण नुसता कागद घेतला तर कॉपी काढायची परवानगी मिळत नाही. फाइलबरोबर ‘कॉपीराइट रिलीज’ नावाचं एक पत्र मिळतं, की घरगुती वापरासाठी हव्या तितक्या प्रती छापा. सगळ्या कंपन्यांत असंच असेल असं नाही, तेव्हा पैसे भरायच्या आधी पत्र मागून बघा. अमेरिकेतल्या फोटो लॅब प्रोफेशनल फोटो दिसला, की हे पत्र मागतात. आणि सुरुवातीच्या दिवसांतच गॅलरीत जा, शेवटच्या रात्री डोकं चालत नाही. नको असेल तर कॅमेऱ्यासमोर सरळ ‘नो, थँक्स’ म्हणा, कुणी रागावत नाही.

मी आईच्या त्या एका फोटोची फाइल घेतली. बाबा शेजारी उभे. मशिनमधून फक्त पत्र आणि पावती आली.

‘‘अठराशे रुपयांत कागदसुद्धा नाही?’’

‘‘कागदच तर आलाय, बाबा.’’

‘‘फोटोचा गं!’’

मालवणचा मुलगा काउंटरच्या पलीकडे होता, एका मोठ्या ग्रुपला फोटो शोधून देत. त्यानं पावतीवर नजर टाकली, मान हलवली आणि पुढच्याकडे वळला. बोलायला वेळच नव्हता. आईनं मात्र पर्समधला चिवड्याचा पुडा काउंटरवर ठेवला. त्यानं तो इकडेतिकडे बघून पटकन खाली सरकवला.

मुंबईत आल्यावर दादरच्या आमच्या नेहमीच्या स्टुडिओत गेले. सहा कॉप्या, आईच्या बहिणींना. मी मोठ्या ऐटीत ते रिलीजचं पत्र पुढे केलं. काकांनी उलटसुलट पाहिलं आणि त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

‘‘आईचाच फोटो ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग पत्र कशाला लागतंय? मॅट की ग्लॉसी?’’

मॅट म्हटलं. ग्लॉसीवर लाइट मारतो.

फोटो कुरिअरनं गेले. आठवड्यानं कोल्हापूरच्या मावशीचा फोन आला. ‘‘अगं, कुठल्या स्टुडिओत काढलास? तुला हसवलं कुणी?’’

‘‘मालवणचा एक मुलगा होता,’’ आई म्हणाली, खुर्ची ओढून बसली आणि पिनांगपासून सांगायला लागली.