हिरवे त्रिकोण

बाबांनी औषधपाण्याच्या खर्चाची एक्सेल फाईल पाठवली. "बेरीज शून्य येतेय, बघ जरा." उघडली तर रकमेच्या प्रत्येक चौकटीत डावीकडे वर हिरवा त्रिकोण! नजरेला खुपले, म्हणून आधी ऑप्शन्समध्ये जाऊन ती एरर तपासणीच बंद केली. शीट कसं चकाचक. बेरीज मात्र शून्यच...

मग मुकाट्याने त्रिकोण परत आणले. एकावर टिचकी मारली तर कळलं, आकडे मजकूर म्हणून साठवलेत. आणि 'सम' असला मजकूर मोजतच नाही. वर फॉर्म्युला बारमध्ये पाहिलं, प्रत्येक आकड्याआधी अवतरणचिन्ह. हा उद्योग माझाच! बँक खात्याच्या नंबरातलं पहिलं शून्य उडू नये म्हणून ते टाकायला मीच शिकवलं होतं. बाबांनी सगळीकडेच टाकलं. (शिकवलेलं मनापासून करतात, हेही खरंच.)

रकाना निवडून 'कन्व्हर्ट टू नंबर' केलं. बेरीज आली, त्रिकोण गेले. एक तेवढा उरला. नीट पाहिलं तर तो लाल, उजव्या कोपऱ्यात. म्हणजे नोट. कुठल्याशा तपासणीच्या रकमेवर बाबांनी लिहून ठेवलेलं : "हिला सांगायचं नाही."

कसली तपासणी, ते लिहिलेलं नाही. लगेच फोन लावला. उचलला आईने.